भाडेकरूला विचारायचे केव्हा?

श्रोतेहो, नमस्कार.

सरकार, नगरपालिका किंवा ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या गृहसंस्था जी घरे बांधतात आणि बाजारभावापेक्षा कमी भाड्याने देतात, त्या घरांच्या कारभारात तिथे राहणाऱ्या माणसांना किती स्थान मिळते, याविषयी आज मला बोलायचे आहे. सामाजिक गृहनिर्माणाची चर्चा बहुधा किती घरे बांधून झाली आणि किती कुटुंबे प्रतीक्षायादीत आहेत या दोन आकड्यांभोवतीच फिरते. परंतु घराचा ताबा मिळाल्यानंतर त्या कुटुंबाची पुढची वीस-तीस वर्षे त्याच भिंतींमध्ये जायची असतात. त्या काळात जिन्यातला बंद दिवा कोण बदलणार, पाण्याची टाकी केव्हा साफ होणार, लिफ्टच्या देखभालीच्या कंत्राटात नेमके काय लिहिले आहे आणि यंदा सेवाशुल्क का वाढले, हे प्रश्न सतत उभे राहतात. त्यांची उत्तरे ठरवताना भाडेकरूला विचारले जाते का, आणि विचारले तर नेमके केव्हा, यावर त्या वसाहतीतले जगणे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

खासगी घरमालकाशी पटले नाही तर भाडेकरू, निदान तत्त्वतः तरी, दुसरे घर शोधू शकतो. सामाजिक घरात राहणाऱ्याला ती वाट जवळजवळ बंद असते, कारण तेवढ्या भाड्यात दुसरीकडे घर मिळत नाही आणि हे घर सोडले तर पुन्हा यादीच्या तळाशी जावे लागते. घर सोडून जाण्याची ताकद ज्याच्यापाशी नाही, त्याच्यापाशी बोलण्याची आणि संघटित होण्याची ताकद तेवढी उरते. तिचा उपयोग भाडेकरूंनी पूर्वीही केला आहे. १९१५ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत घरमालकांनी भाडी वाढवली तेव्हा ग्लासगो शहरातील स्त्रियांनी मेरी बार्बर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने भाडेबंदी पुकारली, आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेला भाडी युद्धपूर्व पातळीवर रोखणारा कायदा करावा लागला. तो लढा खासगी मालकांविरुद्ध होता. मालक जेव्हा सार्वजनिक संस्था असते तेव्हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण ती संस्था भाडेकरूंच्याच भल्यासाठी उभी राहिलेली असते आणि त्यामुळे त्यांचे भले आपल्याला त्यांच्याहून अधिक कळते अशी तिची सहजच समजूत होऊन बसते.

सर्वांत आधी दुरुस्तीचा विषय घेऊ, कारण भाडेकरू आणि संस्था यांची गाठ सर्वाधिक वेळा तिथेच पडते. छतातून पाणी गळते म्हणून भाडेकरू तक्रार नोंदवतो, कंत्राटदाराचा माणूस येतो, ओल आलेल्या जागी गिलावा करून रंग लावतो आणि कार्यालयाच्या नोंदीत ते काम ‘पूर्ण’ होते. पुढच्या पावसात तीच जागा पुन्हा भिजते आणि नवी तक्रार नव्या क्रमांकाने नोंदली जाते. कागदावर दोन कामे वेळेत पूर्ण झालेली दिसतात, घरात मात्र गळती होती तिथेच असते. हा दोष एखाद्या कारागिराच्या आळसाचा असेल असे नाही; बहुतेकदा तो कंत्राटाच्या शब्दांत दडलेला असतो. निविदा काढण्यापूर्वी भाडेकरूंच्या प्रतिनिधींना मसुदा दाखवला असता, तर काम पूर्ण झाले हे कोणी ठरवायचे, त्यावर घरातल्या माणसाची सही हवी की नको, ठरलेल्या वेळी कारागीर आला नाही तर काय करायचे, आणि एकाच जागेची तक्रार पुन्हा आली तर ती जुन्या तक्रारीला जोडायची की वेगळी धरायची, हे सगळे प्रश्न त्यांनी तिथेच विचारले असते. हे प्रश्न सुचायला अभियंता असावे लागत नाही, त्या घरात राहावे लागते.

भाडेकरूचे मत घेण्याची योग्य वेळ कोणती, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा निर्णय झालेला असतो, कंत्राटदार ठरलेला असतो, खर्च मंजूर झालेला असतो आणि मग रहिवाशांची सभा बोलावून जिन्याला कोणता रंग द्यावा यावर त्यांची मते मागवली जातात. अशी सभा झाल्याची नोंद अहवालात सहभाग म्हणून होते, आणि तिथून घरी जाणाऱ्या माणसाला आपला वेळ वाया गेला याची पक्की खात्री झालेली असते. पुढच्या सभेला तो येत नाही, आणि मग संस्था म्हणते की भाडेकरूंना रसच नाही. इंग्लंडमध्ये १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांवर असे बंधन घातले की, घरांच्या व्यवस्थापनातील ज्या बदलांचा भाडेकरूंवर मोठा परिणाम होणार आहे त्यांविषयी भाडेकरूंना आधी माहिती द्यावी, त्यांचे म्हणणे ऐकावे आणि निर्णय घेण्यापूर्वी ते विचारात घ्यावे. तरतूद चांगली आहे, पण ऐकून घेणे आणि म्हणणे मान्य करणे यांत जे अंतर राहते ते कायद्याने मिटवता येत नाही. भाडेकरूंची सूचना नाकारणे हा संस्थेचा अधिकार असू शकतो. मात्र ती का नाकारली हे लेखी कळवण्याचे कर्तव्य त्या अधिकारासोबत यायला हवे.

याच देशाने पुढे १९९४ साली नगरपालिकेच्या भाडेकरूंना आपल्या वसाहतीचा कारभार हाती घेण्याचा हक्क दिला. भाडेकरूंनी संस्था स्थापन करावी, रहिवाशांचे मतदान घ्यावे आणि बहुमत मिळाल्यास दुरुस्ती, साफसफाई, भाडेवसुली अशी कामे स्वतःच्या देखरेखीखाली आणावीत, अशी ती योजना आहे. काही लहान वसाहतींमध्ये हा प्रयोग चांगला रुजला. परंतु व्यवस्थापन भाडेकरूंच्या नावाने चालते एवढ्यावर समाधान मानू नये हेही त्याच देशात अतिशय दुःखद रीतीने सिद्ध झाले. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या बहुमजली इमारतीला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे मृत्युमुखी पडली. ती इमारत जिच्या ताब्यात होती ती व्यवस्थापन संस्था नावाने भाडेकरूंचीच होती आणि तिच्या मंडळावर रहिवाशांचे प्रतिनिधीही होते. मात्र ती हजारो घरांचा कारभार पाहत होती, आणि इमारतीच्या असुरक्षिततेविषयी रहिवाशांच्या एका गटाने आगीच्या काही महिने आधीच लेखी इशारा दिला होता. चौकशीच्या २०२४ मधील अंतिम अहवालात संस्था आणि काही रहिवासी यांच्यातील संबंध अविश्वासाने आणि कटुतेने कसे भरले होते याची नोंद आहे. तक्रार करणारी माणसे एकदा ‘त्रासदायक’ ठरली, की त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे का हे पाहणेही बंद होते. मंडळावर चार भाडेकरू बसवून हा आजार बरा होत नाही.

ज्या व्यवस्थेत भाडेकरूंच्या हाती खरोखर पैशाची किल्ली असते, तिचे चित्र निराळे दिसते. डेन्मार्कमध्ये एकूण घरांपैकी सुमारे एक पंचमांश घरे ना-नफा गृहसंस्थांची आहेत. तिथे प्रत्येक वसाहतीचा हिशेब स्वतंत्र असतो आणि रहिवाशांच्या सभेपुढे वसाहतीचे वार्षिक अंदाजपत्रक मंजुरीसाठी ठेवले जाते. कुटुंब लहान असो वा मोठे, प्रत्येक घराला दोन मते असतात. भाडे प्रत्यक्ष खर्चावर आधारलेले असल्यामुळे मुलांसाठी खेळाचे मैदान हवे, खिडक्या बदलायला हव्यात किंवा बाग राखायला माणूस हवा असा ठराव झाला, की त्याचा भार भाड्यात किती पडेल हे त्याच सभेत समोर असते. यामुळे वाद थांबतात असे नाही. ज्याचे उत्पन्न तुटपुंजे आहे त्याला दरमहा वाढणारी थोडीशी रक्कमही जड असते आणि ज्याच्या घरात लहान मुले आहेत त्याला मैदान तातडीचे वाटते, म्हणून वाद होणारच. फरक इतकाच की तो वाद शेजाऱ्या-शेजाऱ्यांत, आकडे समोर ठेवून होतो आणि त्याचा निकाल त्याच सभागृहात लागतो.

पैशाचा हा प्रश्न सेवाशुल्कात सर्वांत तीव्र होतो. जिन्याची वीज, सफाई, लिफ्ट, बाग, कचरा यांचा खर्च सर्वांमध्ये वाटला जातो, पण कोणत्या कामाचे किती बिल आले हे बहुतेकांना कधीच दाखवले जात नाही. व्हिएन्ना शहराच्या मालकीची दोन लाखांहून अधिक भाड्याची घरे आहेत, आणि तिथे वसाहतीतील भाडेकरू आपले प्रतिनिधी निवडून देतात. या प्रतिनिधींना वर्षाच्या चालू खर्चाचा हिशेब तपासता येतो. ज्या सफाईचे पैसे आकारले ती सफाई प्रत्यक्षात झाली का, हे कार्यालयातल्या लेखापालाला सांगता येणार नाही. त्या जिन्यावरून रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्याला ते अचूक सांगता येते.

आता सभांविषयी. सभा कामाच्या दिवशी दुपारी ठेवली, तर तिला निवृत्त माणसे येतील आणि पाळीने काम करणारी, लहान मुले सांभाळणारी, अपंग किंवा त्या देशाची भाषा नव्याने शिकणारी माणसे येणार नाहीत. जी येतील तीच ‘भाडेकरूंचे मत’ ठरतील. प्रत्येक वसाहतीत अशी दोन-तीन माणसे असतात जी वर्षानुवर्षे सगळे अर्ज लिहितात, सगळ्या सभांना जातात, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीही स्वतःच्या खांद्यावर घेतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्यावर सगळा भार टाकून संस्थेने निश्चिंत व्हावे हे मला अन्यायाचे वाटते. त्यांचा प्रवासखर्च, टपाल, कागदपत्रांच्या प्रती आणि प्रशिक्षण यांची तरतूद अंदाजपत्रकात असावी. जे सभेला येऊ शकत नाहीत त्यांच्या दाराशी जाऊन, फोन करून, किंवा दुरुस्तीसाठी कर्मचारी घरी गेलेला असतानाच दोन प्रश्न विचारून त्यांचे म्हणणे मिळवता येते.

मंडळावर निवडून गेलेल्या भाडेकरूची कोंडी फारशी कोणी बोलून दाखवत नाही. नेदरलँड्समध्ये २०१५ च्या कायद्यानुसार गृहसंस्थेच्या पर्यवेक्षक मंडळातील किमान एक तृतीयांश सदस्य भाडेकरूंच्या शिफारशीने येतात. पण एकदा मंडळावर बसल्यावर अशा सदस्याला संपूर्ण संस्थेचे हित पाहावे लागते, काही कागद गोपनीय ठेवावे लागतात, आणि भाडेवाढीच्या ठरावाला प्रसंगी होकारही द्यावा लागतो. घरी परतल्यावर जिन्यात भेटणारे शेजारी त्याला जाब विचारतात. त्याने काय सांगावे आणि काय सांगू नये हे निवडणुकीपूर्वीच सर्वांना स्पष्ट केलेले असेल, तर निदान विश्वासघाताचा आरोप त्याच्यावर येणार नाही.

काही निर्णय मात्र भाडेकरूंच्या समितीकडे सोपवू नयेत असे माझे मत आहे. कोणाला घर द्यायचे, कोणाची भाड्याची थकबाकी किती आहे, कोणत्या कुटुंबावर कारवाई करायची, या गोष्टी शेजाऱ्यांच्या हाती गेल्या तर जुनी भांडणे आणि पूर्वग्रह त्यांत शिरतात, आणि माणसाची खासगी अडचण वसाहतभर होते. घर देण्याचे निकष कसे असावेत किंवा थकबाकीदाराशी कोणत्या भाषेत पत्रव्यवहार व्हावा यावर भाडेकरूंनी जरूर बोलावे. एखाद्या कुटुंबाचे नाव मात्र त्यांच्या टेबलावर येऊ नये.

एकट्यादुकट्याने केलेली तक्रारही सहभागच असते, आणि तिची उपेक्षा किती महाग पडते हे इंग्लंडमधील रॉचडेल येथे घडलेल्या घटनेने दाखवले. तिथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब नावाचे दोन वर्षांचे मूल दगावले, आणि घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे मृत्यूचे कारण असल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला. वडिलांनी बुरशीची तक्रार केली होती, तेव्हा त्यांना तिच्यावर रंग मारण्याचा सल्ला मिळाला होता. ओल आणि बुरशी यांचे खापर भाडेकरूच्या राहण्याच्या सवयींवर फोडण्याची ही वृत्ती फार जुनी आहे. २०२३ च्या कायद्यात त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली. तिची अंमलबजावणी ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली, आणि तातडीच्या धोक्यावर सामाजिक घरमालकाने २४ तासांत उपाय करणे बंधनकारक झाले. त्याआधी, एप्रिल २०२३ पासून, तिथल्या सामाजिक घरमालकांच्या कामगिरीसाठी २२ मापदंड लागू झाले होते, आणि त्यांपैकी १२ मापदंड थेट भाडेकरूंच्या सर्वेक्षणातून मोजले जातात. संस्था आपले म्हणणे ऐकते का आणि त्यानुसार काही करते का, हाही प्रश्न त्यांत आहे.

शेवटी समितीच्या कामकाजातील एका साध्या, पण दुर्लक्षित गोष्टीकडे लक्ष वेधतो. भाडेकरूंचे प्रतिनिधी बदलतात, अधिकारीही बदलतात, आणि प्रत्येक वेळी सगळी चर्चा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून मावळत्या समितीने नव्या समितीच्या हाती एक फाइल द्यावी आणि तिची प्रत कार्यालयातही असावी. त्या फाइलमध्ये चालू कंत्राटे आणि त्यांच्या मुदती, वारंवार बिघडणाऱ्या जागांची यादी, सभांची इतिवृत्ते, प्रत्येक सूचनेवर संस्थेने दिलेले उत्तर आणि ज्या सूचनांना अजून उत्तर मिळालेले नाही त्यांच्या तारखा असाव्यात. नव्या समितीच्या पहिल्या सभेत इतर कोणताही विषय घेण्याआधी हीच शेवटची यादी वाचली जावी, आणि ती वाचली जात असताना संस्थेचा निर्णय घेऊ शकणारा अधिकारी तिथे हजर असावा.

नमस्कार.