काय हुडकताय?

(दृश्य: पहाट. बोगद्यातून दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल बाहेर पडते. मागे अजिंक्यताऱ्याची काळी कड.)

साताऱ्यात पाहुण्याला काही दाखवायचं म्हटलं, की आपण त्याला मान वर करायला लावतो. तो बघा अजिंक्यतारा, ते यवतेश्वर, तो पलीकडं सज्जनगड. आम्हीसुद्धा कित्येक वर्षं वरच बघत होतो. क्लाइंबिंग करायचं तर खंडाळ्याची नागफणी. बोल्डरिंग करायचं तर बदामी, हंपी, नाहीतर नवी मुंबईत बेलापूर. शनिवारी रात्रीची एसटी पकडायची आणि सोमवारी सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी कामावर हजर व्हायचं. आणि गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी खोलीएवढाले धोंडे पडून होते. रोज दिसत होते. बघितले मात्र कधीच नव्हते.

ही फिल्म त्या धोंड्यांची आहे.

(दृश्य: यवतेश्वर घाट. पळणारी माणसं. कॅमेरा रस्ता सोडून खालच्या उतारावर जातो.)

सकाळी या घाटात पाय ठेवायला जागा नसते. कुणी चालतंय, कुणी पळतंय. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच रस्त्यानं जाते. नजर मात्र सगळ्यांची एक तर रस्त्यावर, नाहीतर खाली पसरलेल्या शहरावर. रस्ता आणि शहर यांच्यामधल्या उतारावर कुणाचं काहीच काम नसतं.

आमचं काम तिथंच निघालं, आणि तेही एका वाईट कारणानं. फेब्रुवारीत डोंगराला वणवा लागला. तो आपोआप लागत नाही, कुणीतरी लावतं. दोन रात्री शहरातून ती तांबडी रेघ दिसत होती. तिसऱ्या दिवशी गेलो, तर करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी जळून सगळा उतार काळा पडला होता. त्या काळ्यात एकामागून एक धोंडे उभे. पंधरा, वीस... पुढं मोजणं सोडलं. एरवी जाळीत लपलेला दगड त्या दिवशी उघडा पडला होता. आनंद झाला हे खरं, पण त्या आनंदाला जळकट वास होता.

त्याच आगीनं पहिला धडाही दिला. एका सुंदर दिसणाऱ्या धोंड्याच्या कडेला हात घातला, तर ताटाएवढा पापुद्रा सुटून हातात आला. दगड तापला की वरची साल फुगते आणि आतल्या दगडापासून सुटते. जाळ जिथं जास्त वेळ घुटमळला, तो भाग चढाईला दोन-तीन पावसाळे तरी नको, असं आम्ही तेव्हाच ठरवलं.

(दृश्य: हाताचे पंजे, चॉकची पांढरी धूळ, दगडावर टेकलेला बूट.)

बोल्डरिंग म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. दोर नाही, खिळे नाहीत. चार-पाच मीटरचा दगड, पायात घट्ट रबरी बूट, हाताला घाम टिपणारी चॉकची पूड आणि खाली जाड गादी. दगडावरची एक वाट निवडायची, तिला म्हणायचं प्रॉब्लेम, आणि तो हातापायांनी सोडवायचा. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून हा स्पर्धा-चढाईच्या पदकाचा भाग आहे. पण त्यासाठी मोठा कडा लागत नाही. कड्यावरून कधीकाळी निखळून खाली आलेला तुकडा पुरतो.

मग तुकडा निखळतो कुठून? यासाठी आपला डोंगर वाचावा लागतो.

(दृश्य: यवतेश्वराची बाजू लांबून. उन्हात दिसणाऱ्या आडव्या पट्ट्या.)

या पट्ट्या बघा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. या प्रदेशाला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला, आणि डोंगर खरोखर जिन्यासारखाच दिसतो. उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा. प्रत्येक थराचं पोट घट्ट काळ्या दगडाचं असतं आणि डोकं बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेलं. घट्ट भाग कडा होऊन टिकतो, सच्छिद्र भाग झिजून उतार होतो. दोन थरांच्या मधे कुठं कुठं विटेच्या रंगाची तांबडी, भुसभुशीत पट्टी दिसते. ती पाण्यानं झिजली की वरच्या कड्याचा आधार जातो आणि कडा चिरेनुसार खाली येतो.

म्हणून आम्ही धोंडे हुडकताना आधी तांबडी पट्टी हुडकतो. ती सापडली की तिच्या सरळ खालचा उतार चालायचा. सॅटेलाइट नकाशाही बघतो. सकाळच्या कललेल्या उन्हात घेतलेल्या चित्रात दगडापेक्षा त्याची सावली आधी दिसते. पण नकाशावर दहा ठिकाणी खूण केली, तर त्यातल्या सात ठिकाणी झाड नाहीतर पडकी पडवी निघते. शेवटी पायच लागतात.

सगळ्यात माथ्यावर जांभा. कासला आणि यवतेश्वराच्या वर तोच आहे. तिथं आम्ही चढत नाही. जांभा हाताला खरखरीत आणि मनानं ठिसूळ, हे एक कारण. दुसरं त्याहून मोठं आहे. त्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यावर, बोटभर मातीत वायतुऱ्यासारखी, या भागाबाहेर क्वचितच दिसणारी झाडं जगतात. एक गादी टाकली, दहा जणांनी उड्या मारल्या, की ती माती गेली. कास आमच्या यादीतून पहिल्याच दिवशी खोडलं.

(दृश्य: पाट्याला टाकी लावणारे हात. छिन्नीचा आवाज.)

दगड घट्ट की पोकळ, हे आम्हाला एका पाथरवटांनी शिकवलं. पाटे-वरवंटे घडवण्यात आणि गल्लोगल्ली टाकी लावण्यात त्यांचा जन्म गेलेला. आम्ही त्यांना उतारावर घेऊन गेलो. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, हातोडी उलटी धरली आणि डोळे मिटून दगडावर हलकेच टकटक करत धोंड्याभोवती फिरले.

"ह्यो खणखणीत हाय," म्हणाले. दोन पावलं पुढं जाऊन थांबले. "हितं बद्द वाजतंय. हितं हात घालू नगा, पोरांनो."

आता आम्हीही तसंच करतो, हाताच्या मुठीनं. प्रत्येक होल्ड, म्हणजे हातापायाला पकड देणारी जागा, आधी वाजवायचा, मग धरायचा.

धोंडा जागेवर बसलेला आहे की नाही, हे मात्र दगडफूल सांगतं. मसाल्यातल्या दगडफुलाचे हे भाऊबंद. त्यांचा करडा, जुना थर अंगभर असेल आणि बूड मातीत रुतलेलं असेल, तर धोंडा बरीच वर्षं हललेला नाही. एखादी बाजू कोरी करकरीत असेल, तर मान वर करून कड्यावर ताजी खोक दिसते का ते बघायचं. दिसली, तर तिथून निघायचं. दरड कुणाला ओळखत नाही. १७०० साली औरंगजेबाच्या वेढ्यात मोगलांनी याच अजिंक्यताऱ्याच्या तटाखाली सुरुंग उडवले, तेव्हा कोसळलेल्या दगडांखाली त्यांचीच माणसं गाडली गेली.

किल्ल्याच्या तटाला आणि बुरुजाला आम्ही हात लावत नाही, हे इथंच सांगतो. शेंदूर लावलेल्या धोंड्यालाही नाही, मग तो कितीही देखणा असो. कड्याच्या पोटाला आग्यामोहोळ लटकत असेल, तर त्या बाजूला फिरकायचंच नाही. आणि बोटभर भोकात बोट घालण्याआधी टॉर्च मारायचा. विंचू किंवा फुरसं आत असलं, तर ते त्याचं घर आहे.

(दृश्य: डोक्याला मुंडासं, हातात काठी, सोबत तीन शेळ्या. आबा.)

चौथ्या दिवशी आवाज आला.

"काय हुडकताय रं? काय हरवलंय का?"

आम्ही म्हणालो, "नाही आबा, दगड बघतोय."

"दगड?" आबा काठीवर हनुवटी टेकून थोडा वेळ बघत राहिले. "दगड बघायला पेट्रोल जाळून आला?"

जमीन त्यांची होती. सातबाऱ्यावर या तुकड्याला पोटखराबा म्हणतात, म्हणजे पीक न येणारी जागा. पोटखराबा हा शब्द मी सातबाऱ्यावर अनेकदा वाचला होता. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की आम्हाला हवी असलेली सगळी जमीन याच एका रकान्यात आहे. ओढ्याकाठी, बांधाच्या टोकाला, नांगर वळतो त्याच्या पलीकडं.

आबांच्या अटी तीन. शेळ्यांच्या वाटेत काही टाकायचं नाही. काडी पेटवायची नाही. आणि पाऊस पडला की यायचं नाही, दिवाळीत गवत कापून झाल्यावरच यायचं. आमच्याही मनात तेच होतं. पावसात शेवाळलेला काळा दगड साबणासारखा होतो. बदल्यात आम्ही उन्हाळ्यात त्यांच्या बांधाची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढून देतो. वणव्याची भीती त्यांना आमच्याहून जास्त आहे.

जंगल खात्याची जमीन असेल तर आधी परवानगी, नाहीतर तो धोंडा आपला नाही. या फिल्ममध्ये नेमकी जागा सांगितलेली नाही, तीही यामुळेच. हुडकायचं कसं ते आम्ही सांगू. कुणाच्या बांधावर जायचं, ते त्या बांधाच्या मालकाला विचारा.

(दृश्य: रिक्षाच्या सीट शिवण्याचं दुकान. मशीनखाली जाड कापड.)

ही गादी साताऱ्यातच तयार झाली. विकतची परवडत नव्हती. रिक्षाच्या सीट शिवणाऱ्या एका दादांना समजावलं: वर कडक फोमचा पातळ थर, खाली मऊ फोमचा जाड थर. वरचा थर पडणाऱ्याचं वजन पसरवतो, खालचा ते पिऊन टाकतो. दादांनी ताडपत्री लावली, पाठीवर घ्यायला पट्टे शिवले आणि विचारलं, "पडणार कोण यावर?" दुसऱ्या रविवारी ते स्वतः बघायला आले.

(दृश्य: नायलॉनचा ब्रश. दगडावरची माती उडते.)

साफसफाईला आठवडे गेले. तारेचा ब्रश नाही, तो दगड ओरबाडतो. नायलॉनचा ब्रश, आणि तोही फक्त जिथं बोट किंवा पाय टेकतो तिथं. बाकीचं दगडफूल जसंच्या तसं.

आपला काळा दगड ग्रॅनाइटसारखा हाताला चिकटत नाही. हंपीची सवय असलेले हात इथं पहिल्यांदा घसरतातच. इथं नुसत्या घर्षणावर भरवसा चालत नाही. बोटाच्या पेरांएवढ्या कडा धराव्या लागतात, त्यांना आम्ही क्रिम्प म्हणतो. कुठं बुडबुड्यांचं भोक मिळतं, कुठं गारगोटीचा पांढरा उंचवटा. आणि नऊ वाजले की दगड तव्यासारखा तापतो. म्हणून साडेसहाला पहिला हात.

(दृश्य: धोंड्याची ओढ्याकडची बाजू. एक मुलगी सुरुवातीच्या होल्डवर बसते. मागे दोघे हात वर करून उभे.)

या बाजूच्या प्रॉब्लेमवर आम्ही सगळे तीन आठवडे पडत होतो. चौथी चाल अशी आहे, की उजवा पाय कानाच्या उंचीवर टाकून डाव्या हातानं न दिसणारी कड शोधावी लागते. ती आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलीनं शोधली. आम्ही कड वरच्या बाजूला चाचपडत होतो. तिनं हात आडवा नेला.

(आवाज: एक श्वास. मग वरून हाक.)

आबा शेळ्या सोडून बघत उभे होते. "पोरगी वर गेली की," एवढंच म्हणाले.

(दृश्य: हिरवा उतार, पाऊस. मग पिवळं पडलेलं गवत.)

पाच महिने आम्ही तिकडं फिरकलो नाही. दिवाळीच्या नंतरच्या रविवारी गेलो. गवत कापून झालं होतं. आबांनी पेंढ्या बांधून धोंड्याच्या आडोशाला रचल्या होत्या, नेमक्या ओढ्याच्या अंगाला, आमची गादी जिथं पडते तिथं. जनावरांना त्या मार्च-एप्रिलपर्यंत पुरतील. तोवर आम्ही दुसऱ्या अंगानं चढतोय.