पहिल्या पाच मिनिटांत थांबलेला शोध

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘बेपत्तांचा शोध: वर्ग आणि वंश’ असा जाहीर झाला आहे; परंतु गेली काही वर्षे माझ्या डोक्यात घर करून बसलेली गोष्ट त्याहून लहान आहे. शोधातील भेदभाव श्वानपथक बोलावताना सुरू होत नाही. तक्रार घेणारा अंमलदार ‘असे न सांगता जाणे तिच्या स्वभावात आहे का?’ असे विचारतो, तिथेच निम्मा निकाल लागतो. जिचे घर, नोकरी आणि परतण्याची वेळ ठरलेली आहे, तिची माणसे ठामपणे ‘नाही’ म्हणू शकतात. जिचा पत्ता सतत बदलतो, जी व्यसनात अडकली आहे, तिच्या आईने प्रामाणिक उत्तर दिले की प्रकरण ‘येईल परत’ या रकान्यात जाते. सर्वांत धोक्यात जगणारी बाई कागदावर सर्वांत निर्धोक ठरते. खोटे बोलणारी आई इथे अधिक हुशार म्हणायची! (हशा)

कॅनडातील व्हँकुव्हर शहराची हकिगत मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो. ज्यांनी ऐकली असेल त्यांनी क्षमा करावी. तिथल्या डाउनटाउन ईस्टसाइड या गरीब वस्तीतून १९९०च्या दशकात बायका नाहीशा होत गेल्या. त्यांपैकी अनेक जणी आदिवासी होत्या, अनेक देहविक्रय करीत. १९९९ मध्ये शहराच्या सुखवस्तू भागात घरांच्या गॅरेजमध्ये लोकांना लुटणाऱ्यांना पकडण्यासाठी १ लाख डॉलरचे बक्षीस लागले. या बायकांच्या शोधासाठी तेवढेच बक्षीस जाहीर करवून घ्यायला मात्र नातेवाइकांना ओरड करावी लागली. पुढे फेब्रुवारी २००२ मध्ये पोलीस व्हँकुव्हरजवळच्या पोर्ट कोक्विटलमच्या एका वराहपालन केंद्रात शिरले, ते बेकायदा बंदुकांचे वॉरंट घेऊन. तिथे त्यांना दम्याचा एक इनहेलर सापडला आणि त्यावर एका बेपत्ता बाईचे नाव होते. मग त्या जागेतून ३३ स्त्रियांचे डीएनए अथवा अवशेष मिळाले. या तपासाची चौकशी करणाऱ्या वॅली ओपल आयोगाच्या २०१२च्या अहवालाने पोलीस यंत्रणेतील पूर्वग्रहावर बोट ठेवले, ते बरेच झाले. पण त्या इनहेलरपुढे अहवालाची पाने मला फिकी वाटतात.

बरे, त्यातून कोणी शिकले का? कॅनडातल्याच विनिपेगमध्ये २०२२ साली दोन आदिवासी स्त्रियांचे मृतदेह शहराबाहेरच्या कचराभूमीत असल्याचा पोलिसांचा कयास होता, तरी त्यांनी शोध व्यवहार्य नसल्याचे सांगितले. खर्चाचा अंदाज १८.४ कोटी डॉलरपर्यंत गेला. २०२३च्या प्रांतिक निवडणुकीत तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाने आपल्या या नकाराची चक्क जाहिरात केली, आणि तो पक्ष हरला. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने शोध सुरू केला, माणसांनी दंताळी घेऊन कचरा चाळला, आणि मार्च २०२५ पर्यंत दोघींच्याही अवशेषांची ओळख पटली.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, आणि ज्यासाठी आपण जमलो तो वर्गाचा मुद्दा अजून बाकीच आहे. तो थोडक्यात उरकतो. अमेरिकेत पत्रकार ग्वेन आयफिल यांनी २००४ मध्ये बेपत्ता गोऱ्या स्त्रियांवरच एकवटणाऱ्या प्रसिद्धीला नाव दिले, आणि वंशाचा मुद्दा निदान चर्चेत आला. कॅलिफोर्नियात तर जानेवारी २०२४ पासून बेपत्ता कृष्णवर्णीय तरुणांसाठी ‘एबनी अलर्ट’ ही स्वतंत्र सूचना-यंत्रणा आहे. वर्गाला असे नाव मिळालेले नाही. आपल्याकडे नोव्हेंबर २००६ मध्ये नोएडात एका बड्या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या मुलाचे अपहरण झाले आणि तो काही दिवसांत घरी परतला, हे चांगलेच झाले. त्याच नोएडातील निठारीच्या मजुरांची मुले मात्र कितीतरी काळ ‘पळून गेली असतील’ या सबबीखाली राहिली आणि त्याच डिसेंबरात नाल्यातून हाडे निघाली.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर, बेपत्ता बालकाची तक्रार आली की अपहरण वा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा आदेश दिला. म्हणजे मी सुरुवातीला सांगितलेला तो प्रश्नच त्याने मुलांपुरता बाद केला. मात्र हे गृहीतक अठराव्या वाढदिवशी संपते, आणि व्हँकुव्हरच्या त्या बायका सज्ञान होत्या.