जुन्या एसयूव्हीचं सस्पेन्शन: पैसा आधी कुठे घालायचा

नमस्कार. जुनी एसयूव्ही खड्ड्यात आदळायला लागली की बहुतेक मालक आधी शॉकअप बदलायला निघतात. नवे शॉकअप बसतात, थोडे दिवस गाडी बरी वाटते आणि मग तोच खडखडाट, तेच डुलणं परत सुरू होतं. दोष शॉकअपचा असतोच असं नाही. सैल बुश (सांध्यातली रबरी नळी), संपलेले बंप स्टॉप (ॲक्सल फार वर आला की त्याला अडवणारे ठोकळे) आणि बसलेली, म्हणजे दबून उंची गेलेली, स्प्रिंग यांच्या वाट्याचं कामही त्याच्यावर टाकलेलं असतं. हातात पैसे मोजके असताना ते कोणत्या क्रमाने खर्चायचे, एवढाच आजचा विषय. डोळ्यांसमोर गाडी ठेवू या ती चॅसीवर (वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेली, मागे सलग ॲक्सलची, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या ॲक्सलवर असलेली.

सुरुवात टेपने करा. सपाट जागा, टायरमध्ये योग्य हवा आणि गाडीत नेहमीचं सामान. चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज त्यात मिसळते. डाव्या-उजव्या बाजूत १०-१२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर एक स्प्रिंग बसली आहे, पाटा (एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगमधली पट्टी) तुटला आहे किंवा कॉइलचं (वेढ्यांच्या स्प्रिंगचं) टोक मोडलं आहे. कॉइल बहुतेक वेळा खालच्या सीटमध्ये (स्प्रिंग टेकते त्या वाटीत), शेवटच्या वेढ्याला मोडते आणि वरून दिसत नाही. गाडी स्टँडवर घेऊन हात फिरवा.

शॉकअपची परीक्षा म्हणून कोपरा दाबून सोडण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी दीड हेलकाव्यापेक्षा जास्त हलली तर शॉकअप गेला हे नक्की, पण हलली नाही म्हणून तो चांगला, असं म्हणता येत नाही. कडक बुश आणि गंजलेले पाटेसुद्धा हेलकावा रोखून धरतात. त्यापेक्षा खराब रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून लगेच चारही शॉकअपना जपून हात लावून बघा. जो काम करतोय तो तापलेला असतो, कारण उसळीची ऊर्जा तो तेलात उष्णता म्हणून मुरवतो. जोडीतला एक गरम आणि दुसरा गार असेल तर गार तो निकामी. अंगावर धुळीचा ओलसर थर चालतो, तेलाचा ओघळ चालत नाही.

आता सांधे. चाक उचलून एक हात वर, एक खाली धरून हलवा: खेळ (सैलपणा) असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांना जोडणारा गोल सांधा). दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खेळ आला तर टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) बघा. इथे जॅक कुठे लावता याला महत्त्व आहे. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा) खालच्या आर्मवर (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या हातावर) जोर देत असेल तर जॅक खालच्या आर्मखाली हवा, नाहीतर बॉल जॉइंट ताणलेलाच राहतो आणि झिजलेला असूनही घट्ट वाटतो. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर वरचा आर्म लाकडी ठोकळ्याने अडवून जॅक चॅसीला लावायचा. या एका चुकीमुळे कितीतरी संपलेले जॉइंट तपासणीत पास होतात.

पहिला खर्च बंप स्टॉपवर करा, कारण सगळ्यात स्वस्त भाग तोच आणि सगळ्यात दुर्लक्षितही तोच. जुना रबरी स्टॉप दगडासारखा होतो किंवा गळून पडतो. मग ॲक्सल वर येताना त्याला अडवणारं काहीच उरत नाही. शॉकअपचा पिस्टन तळाशी आपटतो आणि आतली झडप फुटते. सच्छिद्र पॉलियुरेथेनचे बंप स्टॉप हळूहळू दबतात आणि शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये जोडस्प्रिंगसारखं काम करतात.

त्यानंतर बुश. रबरावर वरवरच्या बारीक भेगा असल्या म्हणून घाबरू नका. रबर लोखंडी नळीपासून सुटलंय का ते पहारीने हलवून बघा. बदलायचे असतील तर प्रेस लागेलच असं नाही. जाड हाय-टेन्साइल थ्रेडेड रॉड, दोन जाड वॉशर, एका बाजूला बुश आत मावेल एवढा मोठा सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला बुशच्या कडेवर बसेल असा लहान सॉकेट, एवढ्यावर बुश ओढून निघतो. निघालाच नाही तर रबर ड्रिलने काढा, बाहेरच्या नळीला आतून करवतीने चीर द्या, आर्मला न लागता, आणि छिन्नीने नळी आत दुमडा. गॅसने जाळू नका. धूर विषारी असतो आणि आर्मचं लोखंड मऊ पडतं ते वेगळंच. नवा बुश बसवताना साबणाचं पाणी लावा. इंजिन ऑइलने रबर फुगतं.

बोल्ट काढण्याच्या आदल्या दिवशीच भेदक तेल (गंजात शिरून तो सैल करणारं) मारून ठेवा. या गाड्यांत बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटतो आणि दोन तासांचं काम दोन दिवसांवर जातं. कापावा लागेल हे धरूनच त्याच मापाचे, त्याच ग्रेडचे नवे बोल्ट आधी आणून ठेवा. अलाइनमेंटचा कॅम बोल्ट (फिरवून चाकाचा कोन बदलणारा) असेल तर सोडण्यापूर्वी छिन्नीने खूण करा.

आणि हे नीट ऐका, कारण नवे बुश काही महिन्यांत फाटतात ते याच चुकीने. रबरी बुश फिरत नाही, तो पिळवटतो. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला पकडली जाते आणि आर्मची सगळी हालचाल रबर सोसतं. चाक लटकत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. म्हणून बोल्ट नुसते हाताने घट्ट करा, गाडी चाकांवर उतरवा, दोनतीन वेळा दाबून बसू द्या आणि मगच टॉर्क रेंच लावा.

पॉलियुरेथेन बुशची फॅशन आहे. अँटीरोल बारच्या (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याच्या) पकडीत आणि पाट्यांच्या शॅकलमध्ये (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीत) ते उत्तम, फक्त सोबत येणारं सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा, नाहीतर किरकिर कायमची. पण पुढच्या सलग ॲक्सलच्या रेडियस आर्मला (ॲक्सलला पुढेमागे सरकू न देणाऱ्या दांड्याला), जिथे बुशला आडवंतिडवं मुरडावं लागतं, तिथे मूळ रबरच ठेवा. कडक बुश मुरडत नाही, सगळा ताण ब्रॅकेटवर येतो आणि वेल्डिंगला चीर जाते.

स्प्रिंग निवडताना एकच प्रश्न: गाडीवर कायमचं वजन किती? लोखंडी बंपर, विंच, छतावरची जाळी हे रोजचं ओझं असेल तर कडक स्प्रिंग हवी. वर्षातून दोनदा सामान भरत असाल तर मूळ ताकदीची नवी स्प्रिंग घ्या आणि गरजेपुरती कॉइलमध्ये हवेची पिशवी वापरा. रिकामी गाडी कडक स्प्रिंगवर उड्या मारते, टायर जमीन सोडतो आणि ब्रेकची पकड जाते. कॉइलची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढते. बाकी मापं तीच ठेवून १५ मिलिमीटरची तार १६ केली की ताकद सुमारे २९ टक्क्यांनी वाढते. डोळ्याला हा फरक दिसतही नाही, म्हणून अंदाजाने दुसऱ्या गाडीची कॉइल टाकणारे फसतात.

पाट्यांच्या बाबतीत कमी पैशांत सर्वांत जास्त फरक पडतो, असं माझं मत आहे, आणि तेही नवं फारसं काही न घेता. पाट्यांमध्ये गंज चढला की ते एकमेकांवर सरकत नाहीत. लहान खड्ड्यात सगळा गठ्ठा एका जाड पट्टीसारखा वागतो आणि शिव्या शॉकअपला पडतात. गठ्ठा उतरवा. सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंना जी-क्लॅम्प लावा, कारण दाबलेले पाटे उसळून हात मोडू शकतात. मग क्लॅम्प हळूहळू सोडा. तारेच्या ब्रशने गंज काढा, रंग द्या, प्रत्येक पाट्याच्या टोकाखाली प्लास्टिकची सरकपट्टी घाला. साधं ग्रीस नको, त्यात धूळ अडकून सँडपेपर तयार होतो. पाट्याला आडवी चीर दिसली तर तो पाटा बाद.

बसलेल्या पाट्यांना थंड ठोकून कमान देणं स्वस्त पडतं, पण पुन्हा उष्णताप्रक्रिया केली नाही तर ती फार टिकत नाही. जादा पाटा घालायचा तर लांब घाला. आखूड आणि जाड पाट्याचं टोक जिथे संपतं तिथेच वरचा पाटा मोडतो. यू-बोल्ट (गठ्ठा ॲक्सलला बांधणारे) दर वेळी नवे, कारण एकदा आवळल्यावर त्यांचे आटे ताणलेले असतात. चारही नट तिरक्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा. गठ्ठा बसतो, नट सैल होतात, आणि सैल यू-बोल्टवर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकतो.

पुढे टॉर्शन बार असेल तर बोल्ट फिरवून उंची फुकट मिळते. फुकट म्हणजे पैशांपुरती. बारची ताकद वाढत नाही, फक्त आर्म खाली ढकलला जातो. चाकाला खाली जायला जागा उरत नाही, खड्ड्यातून निघताना वरचा आर्म स्टॉपवर आपटतो, ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन वाढून त्याचे रबरी बूट फाटतात. बसलेली उंची परत आणण्यापुरता, फार तर २५ मिलिमीटर, हा उपाय ठीक. फिरवण्यापूर्वी चाक लटकतं करून बोल्टवरचा भार काढा, बोल्टला खूण करा. डावा-उजवा बार अदलाबदल करू नका. प्रत्येक बार एका ठरावीक दिशेने पिळण्यासाठी बनवलेला असतो.

आता शॉकअपची पाळी. साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये सतत खडबडीत रस्त्यावर तेलाला फेस येतो आणि दाब सुटतो. नायट्रोजन भरलेल्यात हा फेस उशिरा येतो. एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये वायू आणि तेल यांच्यामध्ये पिस्टन असतो आणि उष्णता थेट बाहेर पडते, पण नळीला दगड लागून पोचा पडला तर तो संपला. कमी पैशांत, मूळ ताकदीच्या स्प्रिंगसोबत, दुहेरी नळीचा वायू भरलेला शॉकअप पुरेसा. जास्त कडक तो जास्त चांगला, असं नाही. परतीचा विरोध स्प्रिंगच्या मानाने जास्त झाला तर लागोपाठच्या खड्ड्यांत स्प्रिंगला उघडायला वेळ मिळत नाही आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते.

बसवण्यापूर्वी दुहेरी नळीचा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि सोडा; आडवा साठवल्याने आतल्या नळीत शिरलेली हवा निघते. चकचकीत दांड्याला पक्कड लावू नका, एक ओरखडा सील कापतो. वरचा नट रबर वॉशरच्या कडेपर्यंत फुगेल इतकाच. आणि नेहमी जोडीने बदला. पैसे दोन हप्त्यांत येणार असतील तर एका ॲक्सलचं काम पुरं करा. पुढे स्प्रिंग आणि मागे शॉकअप असं अर्धंअर्धं करू नका.

उंची ४०-५० मिलिमीटरच्या पुढे नेली की खर्चाला अंत नाही. पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा दांडा) ॲक्सलला बाजूला ओढतो, सलग पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग भरकटतं, प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) थरथरतो. त्याआधीही एक गोष्ट हमखास राहून जाते: मागच्या ॲक्सलला जोडलेला, वजनानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह. गाडी उंच झाली की त्याला ती रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. जेवढी उंची वाढली तेवढंच त्याचं ब्रॅकेट सरकवा. चाक पूर्ण लटकवून ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि डिफरेन्शियलची हवानळी ताणली जात नाही ना, ते बघा. शेवटी अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा.

इथे एक चिठ्ठी आली आहे: भंगारातले भाग चालतील का? आर्म, ब्रॅकेट, पॅनहार्ड रॉड वाकलेले-चिरलेले नसतील तर चालतील. कॉइलही चालते, फक्त दोन्ही एकाच गाडीच्या हव्यात आणि शेजारी उभ्या करून उंची जुळायला हवी. शॉकअप, बॉल जॉइंट आणि टायरॉड एंड मात्र जुने घेऊ नका. दुसरी चिठ्ठी स्टिअरिंग डॅम्परबद्दल (स्टिअरिंगचे झटके मुरवणाऱ्या छोट्या शॉकअपबद्दल) आहे. स्टिअरिंग थरथरतंय म्हणून तो बसवू नका. झिजलेला टायरॉड एंड किंवा पॅनहार्डचा बुश तो काही महिने झाकतो, आणि तेवढ्या काळात जॉइंट आणखी सैल होत जातो.