चाकांवरचं बिऱ्हाड

बूडो बंदरातून फेरी सुटली आहे. तिच्या पोटात आमची मोटारहोम उभी, आणि आम्ही वर काचेला नाक लावून. तीन तासांहून जास्त वेळ नुसतं पाणी. मग समोर करवतीच्या दात्यांसारखे डोंगर वर येतात. इथले लोक त्याला लोफोटेनची भिंत म्हणतात. नॉर्वेचा हा द्वीपसमूह ध्रुववृत्ताच्याही उत्तरेला आहे.

मोस्केनेसला उतरून बहुतेक गाड्या उत्तरेकडे जातात. आम्ही आधी दक्षिणेला, पाचेक किलोमीटरवर ई-१० महामार्ग संपतो तिथे. गावाचं नाव 'ओ'. बस्स, एवढंच. नॉर्वेजियन वर्णमालेतलं शेवटचं अक्षर; अर्थ ओढा.

गाडीचं दार उघडलं आणि गाव दिसायच्या आधी वास आला. एप्रिलची सुरुवात आहे. रस्त्याकडेला लाकडी मांडव, द्राक्षाला घालतात तसे; फक्त लटकलाय तो कॉड. डोकी उडवलेले, शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीने टांगलेले हजारो मासे. ना मीठ, ना धूर. थंडी शून्याच्या आसपास रेंगाळते, हेच इथलं भांडवल. जास्त गारठलं तर मासा गोठून फाटतो, ऊब वाढली तर माश्या बसतात. दोन-तीन महिन्यांत वजन पाचव्या हिश्श्यावर येतं. मांडवाखालच्या कामगाराने गेल्या हंगामातले दोन मासे एकमेकांवर आपटून दाखवले. टक्! लाकूडच.

हा कॉड इथला नव्हे. दर हिवाळ्यात तो बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला इथे उतरतो, आणि त्याच्या मागे माणसं. १४३२ साली पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटून जवळच्या रोस्ट बेटांवर लागला. गावकऱ्यांनी त्याला हाच सुका मासा खाऊ घातला. इटली आजही याचं मोठं गिऱ्हाईक आहे. डोकी मात्र वेगळी सुकतात, ती नायजेरियाला जातात. रश्शाला.

त्या डोक्यांपाशी बारा-तेरा वर्षांची एक मुलगी उभी आहे. डोकं लोखंडी खिळ्यावर खुपसते, सुरी फिरते, जीभ बादलीत. पुढचं डोकं. कॉडच्या जिभा कापायचं काम इथे पिढ्यान्‌पिढ्या पोरांचं, आणि त्याची कमाईही त्यांचीच. आमच्या कॅमेऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

राईने गाव तुम्ही फोटोंत पाहिलंच असेल. फोटोइतकंच सुंदर आहे. पार्किंग मिळालं तर.

पाण्यात खांब रोवून उभ्या या लाल खोल्या म्हणजे रूरबू. शब्दशः वल्हवणाऱ्यांचं बिऱ्हाड. हंगामाला आलेल्या कोळ्यांसाठी १२व्या शतकात ऑयस्टाइन राजाने अशा खोल्या बांधवल्या. त्याआधी माणसं उपड्या होडीखालीही झोपत. आता कोळी बोटीवरच झोपतात आणि रूरबूत पर्यटक.

आमचं बिऱ्हाड चाकांवर, म्हणून वाटलं होतं, कुठेही थांबू. नॉर्वेत १९५७च्या कायद्याने मोकळ्या रानात कुणालाही तंबू ठोकता येतो, घरापासून १५० मीटर सोडून. पण तो हक्क पायी फिरणाऱ्याचा. गाडी रस्ता सोडून घालता येत नाही, आणि इथल्या सुंदर वळणांवर 'मुक्काम मनाई'ची पाटी असतेच. राग आला खरा. मग संडासाची टाकी भरली, ती रिकामी करायचं ठिकाण शोधत आम्ही अर्धा दिवस घालवला, आणि पाटी लावणाऱ्यांचं म्हणणं पटलं.

रात्री हेनिंग्सवेरच्या धक्क्याजवळ, पैसे मोजून घेतलेल्या जागेत. दुपारी हौसेने घेतलेली सुक्या कॉडची जोडी कपाटात ठेवली, तर अंथरुणापर्यंत वास. म्हणून बाहेर सायकलच्या स्टँडला टांगली.

पहाटे चार. छतावर कुणीतरी चालतंय. सीगल. एक नाही, तीन.