मुखवट्याआडचे सौदे

श्रोतेहो, नमस्कार.

जपानी टीव्हीवरचे सुपरहिरो म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रबरी राक्षस, ठिणग्या आणि पुठ्ठ्याच्या इमारती येतात. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' पाहिलेल्या पिढीच्या तर हमखास. ते सगळं तिथे आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. पण तोकुसात्सु नावाच्या या मालिकांमध्ये गेली साठेक वर्षं एक प्रश्नही घोळवला जातोय: बाबा रे, तू लढतोस कशासाठी? आणि तुझ्या शेजारी उभा आहे तो कशासाठी लढतोय, हे तुला ठाऊक आहे का?

१९६६चा अल्ट्रामॅन घ्या. अंतराळातून आलेल्या या महाकाय पाहुण्याची हायाता नावाच्या माणसाच्या विमानाला धडक बसते, हायाता मरतो. पाहुणा ओशाळतो आणि स्वतःचा प्राण त्याला देऊन टाकतो. इथून पुढे दोघं एकाच देहात राहणार. म्हणजे पृथ्वीचं रक्षण सुरू झालं ते अपघाताच्या नुकसानभरपाईतून!

पाच वर्षांनी, १९७१च्या एप्रिलमध्ये, चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांचा कामेन रायडर, म्हणजे मुखवटेधारी स्वार, आला. होंगो ताकेशी हा हुशार विद्यार्थी. शॉकर नावाची टोळी त्याला पळवते, शरीरावर शस्त्रक्रिया करून त्याला नाकतोड्याची ताकद देते, आणि मेंदूला हात लावायच्या आत तो निसटतो. राक्षस ज्या कारखान्यात घडले, त्याच कारखान्यात नायकही घडला. निवेदक सांगायचा की हा माणसाच्या स्वातंत्र्यासाठी लढतो. पण त्याच्या अंगातलं बळ शत्रूनेच दिलेलं, आणि ते परत करता येत नाही. या घराण्यातल्या पुढच्या कितीतरी नायकांना हा वारसा मिळाला आहे.

आता एकदम २००२ सालात येतो, कारण मला खरं बोलायचंय ते तिथलं. मालिका 'कामेन रायडर रियूकी'. यात रायडर एकदोन नाहीत, तेरा आहेत, आणि त्यांनी एकमेकांनाच मारायचं आहे. आता तेरा रायडर म्हणजे तेरा बाहुल्या, तेरा पत्त्यांचे संच, खेळण्यांच्या दुकानाची चंगळ. हा धंदा पहिल्यापासून या मालिकांच्या पोटात आहे आणि त्याला नाकं मुरडण्यात हशील नाही. लेखकांनी त्या धंद्यातून काय काढलं ते बघा.

कान्झाकी शिरो नावाचा माणूस निवडक लोकांना पत्त्यांचा एकेक संच देतो. प्रत्येकाने आरशापलीकडच्या दुनियेतल्या एका राक्षसाशी करार करायचा आणि त्याच्या जोरावर लढायचं. राक्षसाला वेळच्या वेळी खायला घालायचं, नाहीतर तो मालकावरच उलटतो. शेवटी एकटा उरेल त्याची एक इच्छा पूर्ण होईल. सुरुवातीलाच एक भ्रष्ट पोलीस डिटेक्टिव्ह यात मरतो: लढताना त्याचा संच फुटतो, करार तिथल्या तिथे रद्द होतो आणि त्याचाच खेकड्यासारखा राक्षस त्याला गिळतो. रविवारी सकाळी, न्याहारीच्या वेळी, मुलांच्या मालिकेत!

उरलेल्यांच्या इच्छा ऐका. अकियामा रेनची प्रेयसी कोमात आहे, तिला उठवायचंय. किताओका हा वकील असाध्य आजाराने मरायला टेकलाय, त्याला जगायचंय. असाकुरा हा खुनी. त्याला काहीच मिळवायचं नाही, मारामारीतच त्याला चैन पडतं. खुद्द कान्झाकी हा सगळा खेळ मांडतो तो बहिणीचा जीव वाचावा म्हणून. यातल्या बहुतेकांच्या इच्छा आपण आपल्या घरात सहज समजून घेऊ अशा आहेत. राक्षसी आहे ती फक्त किंमत.

आणि मध्ये आपला किदो शिंजी. छोट्याशा बातमी संस्थेतला धडपड्या पत्रकार, रायडर झाला तोही चुकून. त्याला कुणाला मारायचं नाही, सगळ्यांना थांबवायचंय. पहिले बरेच भाग हा मला वैतागवाणा वाटला होता. "अरे, भांडू नका" म्हणत मध्ये पडणारा माणूस कुठल्याही गल्लीत असतो. पण मालिका त्यालाच कोंडीत पकडते. लढाई थांबली तर रेनची प्रेयसी कधीच उठणार नाही, वकील मरेल. मग तुझा चांगुलपणा कुणाच्या जिवावर उभा आहे, शिंजी? याचं उत्तर त्याच्याकडे नसतं आणि तो ते लपवतही नाही.

रेन आणि शिंजी एकाच चहाच्या दुकानात राहतात, तिथेच काम करतात, कपबशा विसळताना एकमेकांवर खेकसतात. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना. दोघांनाही माहीत असतं की नियमाप्रमाणे एक दिवस एकाला दुसऱ्याचा जीव घ्यायचा आहे. शेवटून दुसऱ्या भागात शिंजी एका लहान मुलीला वाचवताना वर्मी घाव खातो आणि मरता मरता रेनला आपली इच्छा सांगतो: ही लढाई संपावी. बरोबर का चूक ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण रायडर म्हणून हवं होतं ते एवढंच.

मला मात्र याहून जास्त छळतो तो वकिलाचा शेवट. असाकुराचा त्याच्यावर जुना राग. हा एकेकाळी त्याचा वकील होता. शेवटची झुंज ठरते. वकिलाचं हिरवं चिलखत घातलेला रायडर मैदानात येतो, लढतो, कोसळतो. असाकुरा मुखवट्याआडचा चेहरा पाहतो, तर तो वकील नसतोच. गोरो असतो, वकिलाचं घर सांभाळणारा, त्याला रांधून घालणारा पोरगा. किताओका आधीच आपल्या सोफ्यावर मरून गेलेला. गोरोने कुठलाही करार केला नव्हता, त्याला बक्षीसही नको होतं. तेरा जणांच्या या बाजारात कुणाच्याही हिशेबात नसलेला माणूस दुसऱ्याच्या चिलखतात मेला, आणि असाकुराचा सूड कायमचा हुकला.

याच मालिकेचा एक खास भाग त्या वर्षी दाखवला गेला. त्यात शेवट प्रेक्षकांनी फोनवरून मत देऊन ठरवायचा होता: लढाई थांबवायची की चालू ठेवायची? लोकांनी काय निवडलं असेल? चालू ठेवायची. शिंजी पडद्यावर इतकं कंठशोष करत होता, तरीही.

रियूकीच्या लेखकांतल्या कोबायाशी यासुको यांनी २०१०मध्ये 'कामेन रायडर ओझ' लिहिली आणि प्रश्न पार उलटा केला. रियूकीत इच्छांनी माणसं मारली. इथे संशय आहे तो इच्छाच नसलेल्या माणसावर.

आठशे वर्षांपूर्वी किमयागारांनी प्राण्यांच्या शक्तीची पदकं बनवली, प्रत्येक प्रकारची दहा. त्यातलं एकेक काढून घेतलं. उरली नऊ, आणि ते रितेपण भरून काढायच्या हव्यासातून ग्रीड नावाचे जीव जागे झाले. त्यातला एक अंकू. त्याचा जेमतेम उजवा हातच शाबूत आहे. तो मरणासन्न पोलीस अधिकाऱ्याच्या शरीरात घुसतो आणि हिनो एइजी नावाच्या भटक्याशी सौदा करतो. लढाईत अंकू पदकं फेकणार, एइजी ती कमरेच्या पट्ट्यात बसवून रायडर होऊन लढणार. पट्टा एकाकडे, पदकं दुसऱ्याकडे, म्हणून कुणीच कुणाला सोडू शकत नाही. ग्रीड माणसांच्या इच्छांतून राक्षस तयार करतात. असा राक्षस जितका पोसला जाईल तितकी त्याला मारल्यावर जास्त पदकं मिळतात, म्हणून अंकू म्हणतो थांब, मोठा होऊ दे. एइजी म्हणतो, तोवर माणसं मरतील. जवळजवळ दर आठवड्याला हेच भांडण! वर एक श्रीमंत फाउंडेशन सामान पुरवतं आणि पदकांत आपला वाटा मागतं. तोही सौदाच.

यात दाते अकिरा नावाचा एक डॉक्टर येतो. नाही, पंचांगवाल्या दात्यांशी संबंध नाही. तो हसत हसत सांगतो, मी पैशांसाठी लढतो, दहा कोटी येन हवेत. त्याच्या शेजारी गोतो नावाचा तरुण, ज्याला जग वाचवायचंय आणि हाताखालची कामं कमीपणाची वाटतात. दोघांत भरवशाचा कोण, हे कळायला मुळीच वेळ लागत नाही. दात्याच्या डोक्यात गोळी अडकली आहे, पैसे हवेत ते शस्त्रक्रियेसाठी, हे नंतर कळतं. न कळतं तरी मी त्याच्याच बाजूने राहिलो असतो.

आणि एइजी? थोडे सुटे पैसे आणि उद्याची धुतलेली चड्डी, एवढ्यावर तो खूश. निरिच्छ माणूस. आपल्याकडे अशांना हात जोडतात. पण मालिका विचारते, हा असा का? परदेशातल्या यादवी युद्धात एक छोटी मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत गेली, त्याचा हात पोचला नाही. त्या दिवसापासून त्याने स्वतःसाठी काही मागणंच सोडून दिलं. बाहेरून त्याग दिसतो, आत पोकळी आहे. आणि पदकांचा एक जांभळा संच येऊन घुसतो तो नेमका याच पोकळीत. हळूहळू त्याची चव जाते, रंग फिके पडतात, तो स्वतःच ग्रीड व्हायला लागतो.

अंकूचा प्रवास उलट्या दिशेने. ग्रीडला जग धड दिसत नाही, चव कळत नाही. उसन्या शरीराच्या जिभेवर त्याला पहिल्यांदा आइसकँडी लागते आणि तो त्या गारव्याला सोकावतो. शरीर सोडत नाही त्यामागे हे कारण मोठं आहे. त्याला राज्य नको, जिवंत असणं हवंय. एइजीला तो पुढे दगाही देतो, आणि मालिका त्याला त्याबद्दल फारसं झापत नाही. सौद्यात हे धरलेलंच होतं.

शेवटच्या लढाईत अंकू आपलं तडा गेलेलं पदक एइजीच्या हाती देतो. ते वापरायचं म्हणजे अंकू संपणार, हे दोघांना कळतं. पदकांची एक रास होतो, मरण्यापर्यंत मजल मारली, याहून समाधान ते काय, अशा अर्थाचं तो बोलतो. एइजी वाचतो आणि पुन्हा भटकायला निघतो. चड्डी आहे, सुटे पैसे आहेत, शिवाय आता त्या पदकाचे दोन तुकडे आहेत, आणि ते जोडून अंकूला परत आणायचं आहे. निरिच्छ माणसाला स्वतःसाठी काहीतरी हवंय.

कुणाला बघावंसं वाटलंच तर ओझपासून सुरुवात करा. रियूकी नंतर, आणि लहान मुलं झोपल्यावर.

नमस्कार.