तासाला २४ मिली

पहाटेचे पाच. बेळगावातल्या एका आयसीयूत सिस्टर खाटेशी वाकतात, लघवीच्या पिशवीवरची रेघ वाचतात आणि तक्त्यात आकडा टाकतात : २१. खाटेवर निपाणीकडच्या एक मावशी. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. परवा बायपास झाली. वजन ४८ किलो, म्हणजे तासाला निदान २४ मिली लघवी व्हायला हवी. सलग सहा तास त्याखाली राहिली, की मूत्रपिंडाला मार बसला असं डॉक्टर धरतात.

बाहेर बाकड्यावर सून रिपोर्ट घेऊन बसलीय. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनीन ०.९. शेजारी छापलेल्या हद्दीत बसतंय. "आत्यांचं नॉर्मल हाय की," ती फोनवर सांगते.

पण फाईल उलटून बघा. ऑपरेशनआधी ते ०.६ होतं. ४८ तासांत ०.३ चढलं, तर २०१२च्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे ती मूत्रपिंडाची इजाच. मग छापील हद्द काहीही म्हणो.

क्रिएटिनीन हा स्नायूंचा कचरा. मावशींच्या काटकुळ्या अंगात तो मुळातच थोडा, आणि मूत्रपिंड बिघडलं तरी रक्तात साचायला दिवस-दोन दिवस घेतो. त्याच्याआधी खबर देणारं एक प्रथिन आहे, एनगॅल. मूत्रपिंडातल्या नलिका दुखावल्या, की त्यांच्या पेशी ते भराभर बनवतात. २००५ साली अमेरिकेत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २० जणांच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती. क्रिएटिनीनवरून ते कळायला १ ते ३ दिवस लागले. एनगॅल दोन तासांत रक्तातही वाढलं होतं, लघवीतही.

अर्थात ती मुलं होती. मधुमेह, बीपी घेऊन आलेल्या मोठ्यांत चित्र इतकं स्वच्छ उमटलं नाही, आणि जंतुसंसर्गातही एनगॅल चढतंच. सिस्टाटिन-सी नावाचं दुसरं प्रथिन आहे. ते जवळपास सगळ्याच पेशी बनवतात, त्यामुळे अंगावर मांस नसलं तरी ते सहसा फसवत नाही.

लवकर कळून करायचं काय? इजा उलटवणारं औषध नाही. रक्तदाब राखायचा, पाणी मोजून द्यायचं, मूत्रपिंडाला जड जाणाऱ्या गोळ्या बंद करायच्या.

गोळ्यांवरून आठवलं. सुनेजवळच्या सासूच्या चंचीत सुपारीबरोबर सांधेदुखीच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट निघालं. सिस्टरनी ते काढून घेतलं. "अक्का, हे परत द्यायचं नाही."

सहा वाजले. सिस्टर पुन्हा वाकतात.

२६.