खिडकी उघडून बघा

श्रोतेहो, नमस्कार.

भाड्याचं घर बघायला गेलं की आपण डिपॉझिट विचारतो, पाणी कधी येतं ते विचारतो, स्टेशन किती लांब तेही विचारतो. खिडकी मात्र फारसं कुणी उघडून बघत नाही. दिवा, मुंब्रा, कळवा या पट्ट्यात ती उघडली, की बऱ्याच ठिकाणी हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत असते. भर दुपारी ट्यूब लावावी लागते, पावसाळ्यात भिंतींना ओल धरते. अशा एका खोलीत पाच-सहा माणसं झोपतात, आणि त्यातल्या एकाला टीबी निघाला तर बाकीच्यांनी वारा आणायचा कुठून? क्षयाचा जंतू हवेतून पसरतो. उन्हात तो मरतो, खेळत्या हवेत विरळ होतो. सरकारी औषधं मोफत आहेत. पण औषध रुग्णाला मिळतं, खोली तशीच राहते.

मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत हे दिसून आलं आहे. इमारती पक्क्या, पण एकमेकींना खेटून उभ्या. जिथे ऊन पोचत नाही त्या खालच्या मजल्यांवर क्षय जास्त आढळला. ठाण्यात किसननगरला क्लस्टर योजनेचं, म्हणजे जुन्या इमारती पाडून अख्खा भाग नव्याने बांधायचं काम सुरू झालंय, म्हणून हे आत्ताच सांगायला हवं. शिळफाट्याला 4 एप्रिल 2013 रोजी बेकायदा इमारत कोसळून 74 माणसं गेली, तेव्हापासून पक्क्या घराचा आग्रह धरला जातो आणि तो रास्तच आहे. पण रहिवाशांच्या सभेत कार्पेट एरियासोबत हेही विचारा: दोन टॉवरमध्ये अंतर किती? पहिल्या मजल्यावर ऊन येणार का?

आता पिंपाबद्दल. पाणी साठवू नका, असं मी सांगणार नाही. नळ बेभरवशाचा असेल तर साठवावंच लागतं. डेंग्यूचा डास पिंपाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेलगत अंडी घालतो. बारीक काळे ठिपके, मळासारखे वाटतात. पाणी ओतून दिलं तरी ती चिकटून राहतात, कोरडी होऊनही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून काथ्याने खसखसून घासा, मग तोंडाला फडकं घट्ट बांधा.

आणि घरात कुणाचा खोकला दोन आठवडे हटत नसेल, तर जवळच्या पालिकेच्या आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्या. ती मोफत होते.